श्वास रोखा

पावणेपाचला पैठणहून निघाले तेव्हा
स्कूटीच्या मुठीवर बोटं गोठली होती.
धरणाच्या पाठीमागे, गाळपेऱ्यातल्या हरभऱ्याच्या कडेला
भिकनमामा घटे उभे होते,
कानाला उपरणं, हातात वल्हं.
"चपला हितंच सोडा, मॅडम.
चिखल पायाला वळखतो, चपलेला न्हाई."

हप्त्यांवर घेतलेली लेन्स टॉवेलात गुंडाळलेली,
तिला टेकायला जुन्या उशीच्या खोळीत ज्वारी.
नाव उथळ पाण्यात सरकत गेली,
मग सरकेनाशी झाली,
मग आम्ही दोघं उतरून तिला ढकलत राहिलो.

आठवडाभर मी खोली नंबर चारमध्ये असते.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोखा.
काचेआड जाते, बटण दाबते.
दिवसाला साठ-सत्तर छात्या.
बरगड्यांचं आता काही वाटत नाही,
लग्नाच्या पंगतीतही मला माणसं
थोडी आरपारच दिसतात.

उजाडताना आधी दिसले ते पाय.
गुलाबी रेघा, नुसत्या, पाण्यात उभ्या केलेल्या.
पक्षी नंतर आला त्यांच्यावर,
कुणीतरी सावकाश ठेवल्यासारखा.
शेकाट्या.
"कागदावर कायबी आसू द्या," मामा म्हणाले,
"आमच्यात ह्यो काडीपाया."
त्याचा गुडघा मागे वाकतो म्हणतात लोक.
तो गुडघा नाही, घोटा आहे.
गुडघा वर, पिसांत झाकलेला.
एवढं तरी हाडांच्या नोकरीनं दिलं मला.

पलीकडे उचाट्या चोच आडवी फिरवत होता,
सडा टाकायच्या आधी अंगण झाडावं तसा.
तुतारीची घाई चालली होती, दोन टोचे इथं, तीन तिथं,
चमचे मात्र झोपलेले, चोच पाठीत खुपसून.
मी पोटावर पडले.
ओल स्वेटरमधून आत आली.
शेकाट्यानं एक पाय उचलला
आणि तसाच धरला.
थेंब घोट्यावरून खाली येऊ लागला.
मी श्वास रोखला.

"तुमी मला वळखलं न्हाई," मागून मामा,
अगदी हळू, पक्ष्याला न कळेलसं.
"तीन साल झाले. माझाबी फोटू काढलाय तुमी.
छातीचा.
रोखा म्हनलात, आन् तुमचा फोन वाजला.
सोडा म्हनलाच न्हाई."

"मग?"

"मंग काय. थांबलो.
पान्याखाली जाळं गुतलं की सवय आसती."
जरा वेळानं: "डाग व्हता. गोळ्यांनी गेला.
लै कडू गोळ्या."

मी वळून बघितलं.
चेहरा आठवेना.
ती छाती बहुतेक आठवली असती,
उजवीकडे वर, धुक्यासारखं काही.
पण उपरण्यातला हा माणूस, नाही.

तेवढ्यात भोवत्या आला, रानावरून खाली खाली,
आणि सगळं पाणी एकदम उठलं.
काडीपाये पाय मागे ताणून, आरडत,
उचाट्या, तुतारी, चमचेसुद्धा.
मी बटण दाबत सुटले.
कशावर, माहीत नाही.

घरी येऊन बघितलं. दोनशे बारा.
अर्धे पंख, शेपट्या, रिकामं आभाळ,
एकात मामांचं वल्हं.
धड असा एकच:
चिखल, तीन-तीन बोटांचे ठसे,
आणि त्यांत भरत येणारं पाणी.
शेवटचा ठसा अजून कोरडा.
उजव्या कोपऱ्यात पाच बोटांचा एक,
तो माझा की त्यांचा, ठरवता आलं नाही.

सोमवारी बिडकीनची एक म्हातारी आली.
हनुवटी वर, आजी. खांदे पुढे. घ्या. रोखा.
काचेतून तिच्याकडे बघत राहिले
आणि बटणाआधीच तोंडून गेलं, सोडा.
चित्र हललेलं आलं.
परत काढावं लागलं.